छपराची लांबी

मगदूम सर म्हणाले, दर्शनी भाग किल्ल्यासारखा हवा.
कुठल्या किल्ल्यासारखा, सर?
कुठल्याही. बुरूज दिसले की झालं.

तेव्हा विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
खालून येणाऱ्या भडंगाच्या फोडणीच्या वासात
मी चार मिलिमीटर जाडीचे दोन बुरूज उभे केले,
दगडी रंगाच्या पत्र्याचे.
मधे कमान. कमानीत काच.
काचेत एक परदेशी आभाळ, फुकट मिळालेलं,
आणि त्याच्याबरोबर आलेली माणसं:
कोटवाला, फुगा धरलेली पोर,
चाकांची बॅग ओढणारी एक बाई,
जी तीन वर्षं माझ्या प्रत्येक चित्रात चालते आहे,
पलूसच्या पतसंस्थेपासून तासगावच्या मंगल कार्यालयापर्यंत,
आणि पोचली कुठंच नाही.
चित्रात नेहमी सकाळचे साडेआठ वाजलेले असतात.

भिलवडी स्टेशनवर मी उतरले तेव्हा
दुपारचे चार होत आले होते.
एप्रिल.

टेपचं दुसरं टोक दस्तगीरभाईंनी धरलं,
पॉइंट्समन, निवृत्तीला सात महिने.
भिंत झाली, खिडकी झाली, तिकिटाचा झरोका झाला,
लाकडी घोड्यांचे खिळेसुद्धा मोजून झाले.
ते म्हणाले, भिंतीचं माप घेतलंसा. सावलीचं?

आणि पायानंच दाखवलं.
फरशीवर एक रेघ होती. कुणी आखलेली नव्हती.
रेघेच्या अलीकडे शहाबादी गुळगुळीत,
हात फिरवला तर तेलकट वाटावी इतकी.
पलीकडे तीच फरशी खरखरीत,
खाणीतून काल आल्यागत.
जिथवर छपराची सावली, तिथवर माणसं बसत आलेली,
सरकत आलेली, पोरांना ओढून आत घेत आलेली,
किती वर्षं, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही.
मी टेप लावला. साडेतीन मीटर.
पुन्हा लावला.

माझ्या नकाशात छप्पर एक मीटर ऐंशी.
त्याहून लांब केलं तर बुरूज झाकतात.

रेघेच्या आत तेव्हा शेवंता बंडगर बसली होती,
वांग्यांचं गाठोडं मांडीला टेकवून.
पॅसेंजर चाळीस मिनिटं लेट.
नवीन बांधताय व्हय, म्हणाली.
मग पाठ टेकायला भिंत ठिवा, बाई.
काच तापती.

ऑफिसात मी छप्पर ओढलं, पार साडेतीनपर्यंत.
बुरूज गेले, नुसत्या टोप्या उरल्या.
सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.
मग चहा आला. मग पुण्याहून फोन आला.
मग दोन चाळीसवर तडजोड झाली,
म्हणजे चार वाजता माणूस सावलीत
आणि त्याचे गुडघे उन्हात.

त्या रात्री चाकांच्या बॅगेची बाई मी पुसून टाकली.
तिच्या जागी शेवंता बसवली, मोबाईलवर काढलेली.
कडा कातरत बसले, माऊसनं, एकेक ठिपका.
पदर सुटा होईना.
कोपराशी जुन्या भिंतीचा एक तुकडा चिकटून आला:
थोडा चुना, वाकलेला एक खिळा,
कौलांखालचा निळसर काळोख.
खूप प्रयत्न केला, निघाला नाही.
खरं तर तितकासा केलाही नाही.

सादरीकरणात, मोठ्या पडद्यावर
नवी काच, नवी कमान, सकाळचे साडेआठ,
आणि खाली उजवीकडे ती, लेट गाडीची वाट बघत.
साहेबांनी विचारलं, हा डाग कसला?
मगदूम सर माझ्याकडे बघत होते.
मी म्हणाले,
छपाईत जाईल.